धनशक्ती : बाजारात नाव हरवलेल्या बाजरीची गोष्ट

थंडी पडली की मुंबईतल्या नाहूरच्या आमच्या गिरणीत बाजरीच्या दळणाचे डबे वाढतात. भोगीच्या आधी तर रांगच लागते. तीळ लावलेली भाकरी, वर लोण्याचा गोळा आणि शेजारी भोगीची भाजी हे ताट इथल्या उंच इमारतींतही अजून टिकून आहे. गेल्या हिवाळ्यात किराणा दुकानात बाजरी घेताना मी विचारलं, "काका, ही कुठल्या वाणाची?" त्यांनी ओंजळभर दाणे हातावर घेऊन दाखवले. "नगरची आहे ताई. दाणा बघा किती टपोरा आहे." गाव कळलं, दाण्याचं रूप कळलं. वाण मात्र त्यांना ठाऊक नव्हता आणि त्यांना माल देणाऱ्या व्यापाऱ्यालाही तो ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

पण याच महाराष्ट्रात बाजरीचा एक वाण असा आहे, की त्याच्या दाण्यातलं लोह वाढवण्यासाठी शास्त्रज्ञांनी कारकीर्द वेचली. त्याचं नाव धनशक्ती.

टोगोहून आलेला दाणा

धनशक्तीचं मूळ पश्चिम आफ्रिकेत आहे. टोगो, घाना, बेनिन आणि बुर्किना फासो या देशांच्या पट्ट्यात 'इनियादी' नावाची बाजरी पिकते. ती लवकर तयार होते आणि तिचा दाणा ठसठशीत असतो. हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत टोगोच्या उत्तर भागातल्या अशा बाजरीतून निवड करून 'आयसीटीपी 8203' हा वाण तयार झाला. 1988 साली तो महाराष्ट्रात लागवडीसाठी आला.

वेळही तशीच होती. 1965 साली देशात बाजरीचा पहिला संकरित वाण आला, उत्पन्न वाढलं. पुढे केवडा रोगानं, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेत गोसावीनं, संकरित बाजरीची शेतंच्या शेतं नासवली. कणसाच्या जागी पानांचा झुपका येई आणि दाणा धरतच नसे. या रोगाला दाद न देणारा, टपोऱ्या दाण्याचा, लवकर येणारा टोगोचा वाण कोरडवाहू शेतकऱ्याला आवडला. त्याच्या दाण्यात लोहही भरपूर आहे, याकडे मात्र तेव्हा कुणाचं लक्ष नव्हतं.

डॉ. केदारनाथ राय यांचं काम

तिकडे लक्ष गेलं ते या शतकाच्या सुरुवातीला. पिकाच्या दाण्यातच पोषण वाढवायचं, म्हणजे गोळी किंवा औषध वेगळं वाटायला नको, असा विचार घेऊन 'हार्वेस्टप्लस' हा जागतिक कार्यक्रम सुरू झाला. त्याचे प्रवर्तक हॉवर्थ बोईस यांना 2016 साली जागतिक अन्न पुरस्कार विभागून मिळाला. भारतात या कामासाठी बाजरी निवडली गेली आणि तिची धुरा इक्रिसॅटमधले बाजरी पैदासकार डॉ. केदारनाथ राय यांच्याकडे आली. बाजरीत लोह सरासरी किलोला 47 मिलिग्रॅम धरलं आणि ते 77 पर्यंत नेण्याचं उद्दिष्ट ठरलं.

राय यांनी नवा वाण शून्यातून उभा केला नाही. आयसीटीपी 8203 हा मुक्त परागीभवनाचा वाण आहे. त्यामुळे एकाच शेतातल्या दोन झाडांच्या दाण्यांत लोह कमीजास्त असतं. जास्त लोहाची झाडं निवडायची, त्यांच्या संततीची पुन्हा पारख करायची आणि उरलेल्या सरस ओळी आपसात मिसळायच्या, ही त्यांची रीत. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या धुळे इथल्या बाजरी संशोधन योजनेतले एच. टी. पाटील आणि इतर सहकारी या कामात सोबत होते. 2012 साली हा सुधारित वाण महाराष्ट्रात आला. 2014 साली 'धनशक्ती' या नावानं तो देशभरासाठी अधिसूचित झाला. पोषणमूल्य वाढवून अधिकृतपणे प्रसारित झालेला हा देशातला पहिला बाजरीचा वाण. जळगाव जिल्ह्यातल्या पाचोऱ्याच्या निर्मल सीड्सनं त्याचं बियाणं शेतकऱ्यांपर्यंत नेलं.

धनशक्तीच्या किलोभर दाण्यात 71 मिलिग्रॅम लोह आणि 40 मिलिग्रॅम जस्त असतं. मूळ वाणापेक्षा लोह सुमारे नऊ टक्के जास्त, आणि उत्पन्नही घटलं नाही, उलट वाढलं. हे महत्त्वाचं आहे, कारण लोहासाठी उत्पन्न सोडा असं कोरडवाहू शेतकऱ्याला कुणी सांगू शकत नाही.

मोजमापाची कसोटी

हे काम वाटतं त्याहून अवघड आहे. पैदासकाराला उंची डोळ्यांनी दिसते, दाण्याचा टपोरेपणा हाताला कळतो, पण लोह दिसत नाही. शिवाय शेतातल्या मातीतच लोह असतं. कणसावर बसलेली चिमूटभर धूळ प्रयोगशाळेत गेली तर कमअस्सल दाणाही लोहसमृद्ध ठरतो. म्हणून नमुन्यात ॲल्युमिनियम आहे का तेही तपासतात. ते सापडलं तर मातीची भेसळ झाली असं समजायचं. पुढे क्ष-किरणांवर चालणारी यंत्रं आली. दाणा आम्लात न विरघळवता लोह आणि जस्त मोजता येऊ लागलं आणि हजारो नमुन्यांची चाळणी आवाक्यात आली.

संकरित बाजरीत आणखी एक पेच आहे. उत्पन्नात संकर आई-बापांवर मात करतो. लोहाचं तसं नाही. ते साधारण दोन्ही पालकांच्या मधोमध राहतं. त्यामुळे नर आणि मादी, दोन्ही ओळी लोहसमृद्ध कराव्या लागतात. म्हणजे काम दुप्पट.

भाकरी ते रक्त

दाण्यातलं लोह रक्तात उतरतं का? बाजरीत फायटेट असतं, ते लोहाला धरून ठेवतं. त्यामुळे ही शंका रास्त होती. बेळगावच्या डॉक्टरांच्या सहभागानं कर्नाटकात दोन वर्षांच्या मुलांवर झालेल्या अभ्यासात साध्या बाजरीतून दिवसाला 0.23 मिलिग्रॅम लोह शोषलं गेलं, तर लोहसमृद्ध बाजरीतून 0.67 मिलिग्रॅम.

दुसरा अभ्यास अहिल्यानगर जिल्ह्यातला. 12 ते 16 वर्षांच्या 246 मुलामुलींना सहा महिने दोन्ही वेळच्या जेवणात बाजरीची भाकरी दिली. काहींना साधी, काहींना लोहसमृद्ध. चार महिन्यांतच दुसऱ्या गटाच्या शरीरातला लोहाचा साठा वाढला. या गटातल्या ज्यांना सुरुवातीला लोहाची कमतरता होती, त्यांची त्यातून सुटण्याची शक्यता दीडपटीहून जास्त ठरली. याच प्रयोगातल्या काही मुलांचं लक्ष आणि स्मरणशक्तीही सुधारल्याचं दिसलं.

मुंबईच्या झोपडवस्त्यांत 12 ते 18 महिन्यांच्या बाळांवर झालेल्या प्रयोगात मात्र दोन गटांत एकंदरीत ठळक फरक आढळला नाही. तेही सांगितलं पाहिजे. एवढ्या लहान जिवाचं खाणं ते किती! बाजरी हा सगळ्यावरचा उतारा नाही. पण रोज भाकरी खाणाऱ्या मोठ्या मुलामुलींसाठी तिचा उपयोग दिसून आला आहे.

आणि गरज केवढी आहे? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांना आणि पाच वर्षांखालच्या 68.9 टक्के मुलांना रक्तक्षय आहे. प्रौढ स्त्रीला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोहाची शिफारस आहे. धनशक्तीच्या 200 ग्रॅम पिठात सुमारे 14 मिलिग्रॅम असतं. सरासरी बाजरीच्या तेवढ्याच पिठात नऊच्या आसपास. पीठ तेवढंच, गॅस तेवढाच, थापण्याचे कष्टही तेवढेच.

नाव कुठे हरवतं?

धनशक्तीनंतर हे काम थांबलं नाही. छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) संशोधन केंद्रातून 'एएचबी 1200' आणि 'एएचबी 1269' हे संकरित वाण आले. धुळ्याहून 'फुले महाशक्ती' आला. ज्वारीत 'परभणी शक्ती' आला. गव्हात पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं 'एमएसीएस 4028' दिला. 2018 पासून तर देशात बाजरीच्या नव्या वाणाला किलोला किमान 42 मिलिग्रॅम लोह आणि 32 मिलिग्रॅम जस्त असल्याशिवाय मान्यता मिळत नाही. एका पिकाच्या पैदाशीचा नियमच या कामानं बदलला.

तरीही नाहूरच्या दुकानात मला वाण कळला नाही. शेतकरी बियाण्याची पिशवी नाव पाहून घेतो. पण कापणी झाली, माल आडतीवर गेला, की भाव ठरतो दाण्याच्या रंगावर, आकारावर आणि ओलाव्यावर. धनशक्ती आणि शेजारच्या शेतातली बाजरी एकाच ढिगात पडतात. पुढे त्या एकाच पोत्यातून वाशीच्या बाजारात येतात आणि तिथून आपल्या डब्यात. प्रयोगशाळेत मिलिग्रॅममध्ये मोजलेलं यश बाजार समितीच्या काट्यावर शून्य होतं. लोहासाठी शेतकऱ्याला जास्तीचा एक रुपया मिळत नाही, मग त्यानं तो वाण का टिकवावा?

आंब्याच्या पेटीवर आपण हापूस आणि केसर वेगळे ओळखतो, तांदळात इंद्रायणी आणि आंबेमोहोर नावानिशी मागतो. बाजरीला मात्र नावच नाही, कारण आपण ते कधी विचारलं नाही. शालेय पोषण आहार आणि अंगणवाडीसाठी धान्य घेताना सरकारनं वाणाचं नाव आणि लोहाचं प्रमाण ही अट घातली, तर शेतकरी उत्पादक कंपन्या असा माल वेगळा ठेवू लागतील. आपल्या सोसायट्याही हंगामात थेट शेतकऱ्यांकडून नावाची बाजरी घेऊ शकतात. पीठ लवकर कडू होतं, म्हणून दाणा घ्यावा आणि लागेल तेवढंच दळून आणावं.

यंदाच्या थंडीत दुकानात बाजरी घ्याल तेव्हा गाव विचाराच, पण त्यानंतर वाणही विचारा. पहिल्यांदा उत्तर येणार नाही. पुन्हा विचारा. गिऱ्हाईक विचारू लागलं, की दुकानदार व्यापाऱ्याला विचारतो आणि व्यापारी शेतकऱ्याला.