हातात वॉकीटॉकी आला, पण रिपीटर कसा लागतो?



मागच्या पालकसभेनंतर आठवीतल्या एका मुलाची आई थांबली. पिशवीतून तिने एक काळा, हाताएवढा संच काढून टेबलावर ठेवला. "सर, मामानं आणून दिला याला. व्हिडिओ बघून म्हणतो, रिपीटर लागला की नागपूरशी बोलता येते. खरं आहे का? आणि काही लफडं तर नाही ना व्हायचं?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आधी दुसऱ्याचे उत्तर देतो, कारण ते जास्त निकडीचे आहे.

असा संच १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर बोलतो. हा पट्टा आपल्या देशात हौशी रेडिओसाठी, म्हणजे हॅम रेडिओसाठी राखलेला आहे. त्यावर बोलायला, आणि मुळात असा प्रक्षेपण करणारा संच बाळगायलाही, परवाना लागतो. "आम्ही फक्त ऐकतो" हे उत्तर चालत नाही, कारण बटण दाबले की तो बोलतोच. आपला जिल्हा दोन राज्यांच्या सीमेवर आहे, एका बाजूला बालाघाट, दुसऱ्या बाजूला राजनांदगाव. सालेकसा-देवरीच्या जंगलात पोलीसही वायरलेसवरच बोलतात. इथे पोराने कोणतीही वारंवारिता लावून बटण दाबणे हा खेळ नाही. २०१८ पासून ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरचे कमी ताकदीचे, मान्यताप्राप्त संच विनापरवाना वापरता येतात, पण त्यांनी हॅमचा रिपीटर लागत नाही. म्हणून त्या माउलीला सांगितले, बॅटरी काढून कपाटात ठेवा, आणि पोराला परीक्षेला बसवा.

परीक्षा अवघड नाही. दूरसंचार विभागाची वायरलेस नियोजन व समन्वय शाखा ती घेते, अर्ज सरल संचार पोर्टलवरून होतो. वय किमान १२ वर्षे हवे. परवान्याचे दोन दर्जे आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. रिस्ट्रिक्टेडला मोर्स संकेत लागत नाहीत, जनरलला मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने ते यावे लागतात. पेपरात विजेचे प्राथमिक गणित, ओहमचा नियम, अँटेना आणि नियमावली. आठवी-नववीचे विज्ञान नीट झालेल्या मुलाला निम्मा अभ्यास ओळखीचा वाटेल. पास झाल्यावर कॉल साइन मिळते. रिस्ट्रिक्टेडची सहसा व्हीयू३ ने सुरू होते, पुढे तीन अक्षरे. ते रेडिओवरचे आपले नाव.

आता पहिला प्रश्न. रिपीटर म्हणजे काय?

रोवणीच्या दिवसांत या बांधीतून पलीकडच्या बांधीत हाक जाते, पण चौथ्या बांधीत जात नाही. मध्ये तलावाच्या पाळीवर एखादा गडी उभा असेल, तर तो ऐकतो आणि तेच पुन्हा मोठ्याने ओरडतो. रिपीटर तोच गडी. फरक एवढाच की तो ऐकता ऐकताच ओरडतो. आपण स्वतः ओरडत असताना दुसऱ्याचे ऐकू येत नाही ना? रिपीटरचीही तीच अडचण, म्हणून तो एका वारंवारितेवर ऐकतो आणि दुसरीवर बोलतो. दोन मीटरच्या पट्ट्यात या दोन्हींत साधारणपणे ६०० किलोहर्ट्झचे अंतर ठेवतात. समजा रिपीटर १४५.६०० वर बोलतो, तर तो १४५.००० वर ऐकत असतो. आपल्या संचात १४५.६०० लावायचे आणि 'ऑफसेट' वजा ०.६०० करायचा. मग बटण दाबताच संच आपोआप खाली सरकतो, सोडताच वर येतो. नवख्यांची पहिली चूक इथेच होते. ऑफसेटचा आकडा भरतात, पण त्याची दिशा, वजा की अधिक, भरायची राहते.

दुसरी चूक टोनची. बहुतेक रिपीटर उगाचच्या गोंगाटाने जागे होऊ नयेत म्हणून त्यांना एक किल्ली लावलेली असते. आपल्या आवाजाबरोबर एक बारीक, सलग सूर जावा लागतो. तो ६७ ते २५४.१ हर्ट्झच्या दरम्यानचा असतो, आणि प्रत्येक रिपीटरचा ठरलेला. एवढा खर्जाचा सूर संचातला फिल्टर स्पीकरपर्यंत पोचू देत नाही, म्हणून तो ऐकू येत नाही. संचात दोन वेगळ्या जागा असतात, पाठवण्याचा टोन आणि ऐकण्याचा टोन. सुरुवातीला फक्त पाठवण्याचा लावावा. दुसराही लावला आणि रिपीटर तो टोन परत पाठवत नसेल, तर समोरचा बोलतोय आणि आपला संच मुका, असे होते.

सगळे बरोबर लागले हे कसे कळणार? आपली कॉल साइन सांगून बटण सोडा. रिपीटर क्षणभर चालू राहतो, छोटीशी खरखर किंवा पीप येते. ती आली म्हणजे तुम्ही पोचलात. काहीच आले नाही तर ऑफसेट आणि टोन तपासा. खरखर येते पण लोक म्हणतात आवाज तुटतोय, तर आकडे बरोबर आहेत, जागा चुकली आहे.

आणि जागेचा मुद्दा आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. या लहरी जवळजवळ सरळ जातात आणि पृथ्वी गोल आहे. क्षितिज किती दूर, याचे सोपे सूत्र आहे: अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये. नववीच्या वर्गात हे फळ्यावर जरूर करून घ्या. दीड मीटरवर धरलेल्या संचाचे क्षितिज ५ किमी. तलावाच्या ५ मीटर उंच पाळीवर चढलात तर साडेदहा किमी, म्हणजे दुप्पट. एक पैसा खर्च न करता.

आता समजा गोंदिया शहरात ३० मीटर उंच पाण्याच्या टाकीवर रिपीटर बसवला. त्याचे क्षितिज २२.६ किमी, आपले ५, बेरीज २७ च्या पुढे. आमगाव सरळ रेषेत २० किमीच्या आसपास, म्हणजे हिशेबात बसते. देवरी ४५ किमीच्या आसपास, ती राहिली. तिच्यासाठी मनोरा १०० मीटरचा हवा. आणि नागपूर? ते सरळ रेषेत सुमारे १२० किमी. हातातल्या संचाने तिथला रिपीटर लागायला त्याची उंची ७८० मीटरच्या घरात लागेल. तेव्हा पोराचे स्वप्न वर्गमूळानेच मोडले. प्रत्यक्षात सालई-सागाची झाडे आणि घरे आणखी कमी करतात, हेही सांगून टाकावे.

पण थांबा. एक रिपीटर गोंदियाच्या आठही तालुक्यांच्या डोक्यावरून जातो, आणि त्याला टाकी लागत नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किमी उंचीवरून फिरते आणि त्यावर हॅम रिपीटर आहे. तो १४५.९९० वर ऐकतो, टोन ६७ हर्ट्झ, आणि ४३७.८०० वर बोलतो. इथे ऑफसेटऐवजी दोन वेगळे पट्टेच आहेत, तत्त्व मात्र तेच. एका फेरीत तो जेमतेम दहा मिनिटे दिसतो. गोंदिया जंक्शनवर न थांबता जाणाऱ्या गाडीचा भोंगा येताना उंच आणि जाताना खाली उतरतो ना? इथेही तसेच. स्थानक येताना ४३७.८१० वर ऐकावे लागते, डोक्यावर आले की ४३७.८००, जाताना ४३७.७९०. डॉप्लर परिणाम शिकवायला याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. हा रिपीटर अधूनमधून बंदही असतो, तेव्हा मुलांना घेऊन मैदानावर जाण्याआधी स्थिती तपासावी. जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला स्थानकावर होते, तेव्हा त्यांनी शिलाँगच्या विद्यार्थ्यांशी हॅम रेडिओवरून संवाद साधला होता. मुलांना हे सांगितले की डोळे मोठे होतात.

बोलण्याची रीत थोडक्यात. आधी पाच मिनिटे ऐका, कोणी बोलत नाही ना. बटण दाबून एक क्षण थांबा, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. कॉल साइन अक्षरे फोडून सांगा, "व्हिक्टर युनिफॉर्म थ्री" आणि पुढची आपली तीन अक्षरे, मग "ऐकतो आहे". बोलून झाले की दोन सेकंद जागा सोडा, कोणाला तातडीचे सांगायचे असू शकते. लांबण लावू नका, बऱ्याच रिपीटरना काही मिनिटांनी आपोआप बंद होण्याचे घड्याळ असते. आणि नाव न सांगता नुसते बटण दाबून खरखर ऐकत बसणे, हे दाराची कडी वाजवून पळून जाण्यासारखे आहे.

"मोबाईल असताना हे कशाला?" असे एका सरांनी विचारले. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमानात दूरध्वनी बंद पडले, तेव्हा हॅम मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला गेलेल्या भारती प्रसाद यांच्या संचावरून बाहेर निरोप गेले. आपल्याकडे ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला होता. वीज गेली की मोबाईल मनोऱ्याची बॅटरी काही तासांची. रिपीटरलाही बॅटरीच लागते, पण तो बंद पडला तरी दोन संच आपापसात थेट बोलू शकतात, पाळीवरून पाळीवर, दहा-वीस किलोमीटर.

तो संच अजून कपाटात आहे. पोराने परवा वर्गमूळाची वही दाखवली. प्रतापगडावर चढून किती लांब जाईल, हे त्याने काढले होते. गडाची उंची समुद्रसपाटीपासून धरली होती, भोवतालच्या जमिनीपासून नाही. ती दुरुस्त करून आणायला सांगितले आहे.