मुळांची ओल सांगणारा दिवा

वरचा थर वाळला म्हणजे पिकास पाणी हवे, असे नाही. मुळांशी ओल टिकून असू शकते. ती कळावी म्हणून एक लहानसे उपकरण गावातच जोडता येते.

त्यास कपॅसिटिव्ह जातीचा ओलावा-संवेदक, आर्डुइनो उनो ही नियंत्रक पाटी, एलईडी दिवा व २२० ओहमचा रोधक एवढे साहित्य लागते. उघड्या धातूच्या दोन दांड्यांचा संवेदक ओल्या मातीत लवकर झिजतो. तो घेऊ नये. संवेदकाचा विद्युतदाब पाटी ० ते १०२३ या आकड्यांत मोजते. माती वाळत जाईल तसा आकडा चढतो आणि आज्ञावलीत घातलेली मर्यादा ओलांडताच दिवा लागतो.

ही मर्यादा मात्र दुसऱ्याच्या शेतावरून उचलू नये. मुळांच्या खोलीवरील माती मुठीत दाबून पाहावी. ज्या दिवशी पाणी देणे योग्य वाटेल, त्या दिवशीचा आकडा हीच आपली मर्यादा होय.

काळी जमीन भेगाळते. संवेदकालगत भेग पडली तर हवेमुळे ओल असतानाही दिवा लागतो. पाणी वाया जाते व मुळे कुजतात. यास्तव ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पहिला हंगामभर दिवा व मूठ ताडून पाहण्यास शेतकऱ्यांना साहाय्य करावे.