रेशमाचा धागा आणि पितळेची तार

हिवाळ्यातील कोरड्या रात्री देशावरच्या घरात लोकरीची घोंगडी अंगावरून झटकली असता अंधारात बारीक ठिणग्या लुकलुकतात आणि मंद तडतड कानी पडते. तीच घोंगडी घेऊन तोच मनुष्य आषाढात कोकणात मुक्कामास गेला आणि त्याने ती तशीच झटकली, तर ना ठिणगी दिसते, ना आवाज येतो. घोंगडी तीच, हातही तेच. मग वीज गेली कोठे? या साध्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास मनुष्यजातीला फार काळ वाट पाहावी लागली, आणि त्या उत्तराची पहिली उकल ज्या प्रयोगातून झाली, त्या प्रयोगाची हकिकत प्रत्येकाने एकवार ऐकावी अशी आहे.

तृणमणी घासला म्हणजे तो गवताच्या काड्या ओढून घेतो, हे प्राचीन ग्रीकांना ठाऊक होते. इंग्लंडातील विल्यम गिल्बर्ट या वैद्याने १६०० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात काच, गंधक, लाख अशा अनेक पदार्थांच्या ठायी हाच गुण असल्याचे दाखवून दिले. तथापि हा गुण घासलेल्या वस्तूच्याच ठिकाणी वसतो, अशी पुढे शंभराहून अधिक वर्षे सर्वसाधारण समजूत राहिली.

त्या समजुतीस धक्का दिला तो स्टीफन ग्रे याने. कॅंटरबरीच्या एका रंगाऱ्याचा हा मुलगा. स्वतःही त्याच धंद्यात राबलेला, आणि उतारवयात लंडनच्या चार्टरहाउस या धर्मादाय संस्थेत आश्रितांपैकी एक म्हणून राहणारा. १७२९ साली तो काचेची पोकळ नळी घासून प्रयोग करीत होता. आत धूळ जाऊ नये म्हणून नळीच्या तोंडास त्याने बुचे बसविली होती, आणि नळी घासताच पीस काचेकडे न जाता बुचाकडे ओढले गेले. बुचास तर कोणी घासले नव्हते! म्हणजे काचेतील गुण बुचात उतरला होता. ग्रेने बुचात काडी खोवली, काडीच्या टोकास हस्तिदंती गोळी लावली, पुढे ती गोळी सुतळीने उंचावरून खाली सोडली. गुण तेथवरही पोहोचला. मात्र सुतळी आडवी नेण्यासाठी ती छताच्या तुळईस सुतळीनेच टांगली, तेव्हा प्रयोग फसला, कारण वीज गोळीकडे न जाता तुळईच्या वाटेने निघून गेली.

त्याच वर्षीच्या २ जुलै रोजी केंट परगण्यातील ऑटरडेन येथे, ग्रॅनव्हिल व्हीलर या मित्राच्या वाड्यात, पुन्हा मांडणी झाली. टांगण्याचा दोरा बारीक असला तर त्यातून थोडीच वीज निसटेल, या हिशेबाने व्हीलरने रेशमी धाग्याची सूचना केली, आणि प्रयोग उत्तम साधला. परंतु लांबी वाढविता वाढविता रेशीम भाराने तुटले. मग त्याच्या जागी पितळेची बारीक तार बांधली गेली. ती बारीक होती आणि मजबूतही होती. परंतु नळी कितीही घासली तरी गोळीपाशी पीस हलेना.

या अपयशातच शास्त्राचा मोठा लाभ दडलेला होता. बारीकपणा दोहोंतही होता. भेद होता तो द्रव्याच्या जातीत. धातू विजेस वाट देतो, रेशीम तिला मज्जाव करते, हे ग्रेच्या ध्यानी आले. त्याने पुन्हा रेशीम योजले आणि त्याच महिन्यात साडेसातशे फुटांहून अधिक लांब दोरीच्या टोकापर्यंत वीज नेऊन दाखविली. सुवाहक आणि दुर्वाहक ही पदार्थांची वाटणी येथून सुरू झाली. रॉयल सोसायटीने १७३१ साली आपले पहिले कोप्ली पदक याच वृद्ध आश्रितास दिले.

पुढे फ्रान्समध्ये द्यू फे याने विद्युतभार दोन जातींचे असून सजातीय भार एकमेकांस दूर लोटतात व विजातीय भार जवळ ओढतात, असे दाखविले. बेंजामिन फ्रँकलिनने त्यांस धन आणि ऋण ही नावे दिली आणि घर्षणाने भार निर्माण होत नाही, तो केवळ एका वस्तूकडून दुसरीकडे जातो, हा सिद्धांत मांडला. सावकाराच्या वहीत जे एकाच्या नावे पडते तेच दुसऱ्याच्या जमेस दिसते, तसाच हा व्यवहार. हा व्यवहार ज्या कणांच्या हस्ते होतो, त्या ऋणभारित इलेक्ट्रॉनचा शोध केंब्रिजच्या जे. जे. थॉमसनने १८९७ साली लावला.

तांबे सुवाहक का, याचा उलगडा या कणामुळे होतो. तांब्याच्या प्रत्येक अणूतील साधारण एक इलेक्ट्रॉन आपल्या अणूचे ठाणे सोडून साऱ्या धातूभर हिंडण्यास मोकळा असतो. एका घन सेंटिमीटर तांब्यात असे मोकळे कण ८५ च्या पुढे २१ शून्ये इतके असतात. काचेत आणि रेशमात इलेक्ट्रॉन कमी आहेत असे मुळीच नाही. ते आपापल्या अणूंच्या बंधनात जखडलेले असतात, इतकेच. या एका भेदामुळे काचेचा विरोध तांब्याच्या विरोधाहून किमान एकावर अठरा शून्ये इतक्या पटींनी अधिक भरतो.

तारेतून इलेक्ट्रॉन विद्युल्लतेच्या वेगाने धावतात, ही समजूत मात्र सोडावयास हवी. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर प्रवाह वाहत असता ते तासाभरात सुमारे २६ सेंटिमीटर, म्हणजे वीतभराहून किंचित अधिक, पुढे सरकतात. तरीही दिवा तत्काळ लागतो; कारण धावेवर बैलांनी एक पाऊल टाकताच विहिरीच्या तळाची मोट जशी त्याच क्षणी हलते, नाड्याचे वरचे टोक तेथवर पोहोचण्याची वाट पाहत नाही, तसेच बटण दाबताच साऱ्या तारेतील इलेक्ट्रॉन जवळजवळ एकदमच हलू लागतात.

आता घोंगडीचे कोडे सहज सुटते. आषाढात हवेतील ओलावा धाग्यांवर बसतो, त्या ओलाव्यातून साठू पाहणारा अल्पसा भार हातोहात निघून जातो, आणि ठिणगी पडण्याइतका संचय होतच नाही. ग्रेच्या सुतळीतून वीज गेली तीही मुख्यतः तिच्यातील ओलाव्यामुळे. सुवाहक आणि दुर्वाहक यांच्यामधील सीमारेषा ही अशी परिस्थितीप्रमाणे सरकणारी आहे. सिलिकॉनसारखे अर्धवाहक तर त्या सीमेवरच वसलेले असून उष्णतेने वा किंचित भेसळीने त्यांची वाहकता कितीतरी पटींनी वाढविता येते, आणि आजचे सारे इलेक्ट्रॉनिक युग त्याच गुणावर उभे आहे.

विजेचा विचार करताना आपली दृष्टी स्वाभाविकपणे तारेवर खिळते, कारण वाहून नेण्याचे काम ती करते. परंतु ऑटरडेनच्या वाड्यात दोरीतून गेलेली वीज दिसली, ती दोरी तोलून धरणाऱ्या रेशमाने तिला अन्यत्र जाऊ दिले नाही म्हणून. आज गावाच्या वेशीवरील खांबावर तारेखाली जो चिनी मातीचा पांढरा गोळा दिसतो, तो तेच रेशमाचे काम ऊनपावसात उभा राहून करीत असतो. त्याने वाट अडविली आहे, म्हणूनच प्रवाह आपल्या घरापर्यंत पोहोचतो.