तळेगावच्या फाट्यावरून धम्मयात्रेच्या गाड्या जातात, थांबत का नाहीत?

अशोक विजयादशमीच्या आदल्या दिवशी तळेगाव (श्यामजी पंत) येथील महामार्गावर निळे आणि पंचशील झेंडे लावलेल्या गाड्यांची रांग लागते. अमरावती, अकोला, बुलढाणा, जळगाव अशा भागांतून निघालेले आपले उपासक-उपासिका नागपूरच्या दीक्षाभूमीकडे जात असतात. शिदोरी घरची, पाण्याचे कॅन सोबत, झोपायला सतरंजी. दीक्षाभूमीवर अभिवादन होते, पुस्तके आणि दिनदर्शिका घेतल्या जातात, मिळेल त्या जागेवर रात्र काढली जाते आणि दुसऱ्या दिवशी गाडी त्याच रस्त्याने परत फिरते.

या प्रवासात काही कमी आहे असे आम्हाला म्हणायचे नाही. पोटाला चिमटा काढून येणाऱ्या माणसाची ती श्रद्धा आहे, आणि तिच्यावर धंदा उभारू नये. पण एक प्रश्न चळवळीतल्या तरुणांनी विचारला पाहिजे. एवढी माणसे दरवर्षी येतात, तरी वाटेवरच्या गावांत आणि आपल्या वस्त्यांत त्यातून वर्षभराचा एकही रोजगार का उभा राहत नाही? आणि दसऱ्याची गर्दी ओसरली की बाकीचे महिने ही स्थळे ओस का दिसतात?

आता त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा संपूर्ण रस्ता खुला झाला. छत्रपती संभाजीनगर, नाशिक, मुंबईकडून स्वतःच्या कारने नागपूरला येणारा माणूस आता अमरावती-तळेगाव-कारंजा या जुन्या रस्त्याला येण्याचे कारण उरले नाही. जुन्या रस्त्यावर राहिले ते ट्रक, एसटी, जवळपासची वाहतूक आणि समृद्धीवर ज्यांना बंदी आहे ते दुचाकीवाले. धाब्यावर थांबून दोनशे-चारशे रुपये खर्च करणारा प्रवासी दुसऱ्या रस्त्याने निघून गेला. तो परत आणायचा असेल तर त्याला या बाजूला वळण्याचे कारण द्यावे लागेल.

नुसत्या इमारतींनी माणसे येत नाहीत

पर्यटन वाढवा म्हटले की आपल्याकडे पहिली मागणी निधीची आणि बांधकामाची होते. या बाबतीत अजिंठ्याचा अनुभव डोळे उघडणारा आहे. जपानच्या कर्जातून अजिंठा-वेरूळ विकासाचा मोठा प्रकल्प झाला. त्यातून अजिंठ्याच्या पायथ्याशी भव्य अभ्यागत केंद्र उभे राहिले, निवडक लेण्यांच्या प्रतिकृती तिथे तयार झाल्या. पुढे वीज आणि पाण्याच्या थकबाकीत ते केंद्र बंद पडले. दुसरीकडे छत्रपती संभाजीनगर ते अजिंठा हा सुमारे शंभर किलोमीटरचा रस्ता रुंदीकरणासाठी खोदला गेला आणि वर्षानुवर्षे तसाच राहिला. जगात ज्यांची तुलना नाही अशी भित्तिचित्रे लेण्यांत होती, पण तिथवर पोहोचताना पर्यटकाची हाडे खिळखिळी होत होती. बांधायला पैसा मिळतो, चालवायला मिळत नाही, हे त्या केंद्राचे दुखणे. बांधकामाचे उद्घाटन करता येते, वीजबिल भरण्याचे उद्घाटन कोणी करत नाही!

नेपाळमध्येही हेच दिसले. लुंबिनीच्या यात्रेकरूंसाठी भैरहवा येथे गौतम बुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ मे २०२२ मध्ये सुरू झाला. धावपट्टी तयार झाली, पण नियमित आंतरराष्ट्रीय विमाने फारशी उतरली नाहीत. लुंबिनीला येणारे बरेचसे लोक मायादेवी मंदिर पाहून काही तासांत पुढे जातात. मुक्काम नाही म्हणून गावाच्या हाती काही लागत नाही.

आणि दीक्षाभूमीचे उदाहरण तर आपल्या घरचेच. २०१६ मध्ये राज्य सरकारने तिला 'अ' वर्ग पर्यटनस्थळाचा दर्जा दिला, विकास आराखडा झाला. पण भूमिगत वाहनतळाच्या खोदकामामुळे स्तूपाला धोका होईल, या भावनेतून १ जुलै २०२४ रोजी लोक रस्त्यावर उतरले आणि ते काम थांबवावे लागले. ज्यांची ती भूमी आहे त्यांना आधी विचारले असते तर बहुतेकांनी वाहनतळाच्या आधी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी आणि बायाबापड्यांना रात्री टेकायला सुरक्षित छप्पर मागितले असते, असे आम्हाला वाटते.

तेव्हा आमचे म्हणणे सरळ आहे. पाहुण्यांची संख्या वाढवण्याआधी त्यांचा मुक्काम एका रात्रीने वाढवा. आणि त्या एका रात्रीचा पैसा स्थानिक माणसाच्या, त्यातही बाईच्या हातात पडेल अशी व्यवस्था करा.

दुसऱ्या दिवशी पाहायचे काय?

मुक्काम वाढवायचा तर दुसऱ्या दिवसाला काहीतरी हवे. नागपूरच्या भोवती ते भरपूर आहे. चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचा टाइपरायटर, कपडे, रोजच्या वापरातल्या वस्तू जपलेल्या आहेत. वामनराव गोडबोले यांनी त्या गोळा केल्या नसत्या तर आज काय उरले असते, याचा विचार करा. कामठीचे ड्रॅगन पॅलेस आहे. वैनगंगेकाठच्या पवनीला १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन स्तूपांचे अवशेष सापडले. रामटेकजवळ मनसर आहे. मनसरच्या अवशेषांबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. कोणी ते बौद्ध स्थळ मानतात, कोणी वाकाटकांचे. आपल्या मार्गदर्शकाने दोन्ही बाजू सांगाव्यात. ठोकून दिलेला इतिहास एकदा ऐकायला बरा वाटतो, पण वाचलेला पाहुणा दुसऱ्यांदा येत नाही.

मात्र तळेगावच्या दृष्टीने खरी संधी वर्ध्याची आहे, आणि तिच्याकडे आपले लक्षच गेलेले नाही. अमरावतीकडून येताना तळेगावला सरळ रस्ता नागपूरला जातो आणि उजवीकडचा आर्वीवरून वर्ध्याला. धम्मयात्रेच्या गाड्या सहसा सरळ जातात. उजवीकडे 'गांधींचा जिल्हा' आहे, तिथे आपले काय, अशी समजूत त्यामागे असावी.

गांधी आणि बाबासाहेब यांच्यातला वाद आपल्याला माहीत आहे, पुणे करार कोणी विसरलेले नाही आणि विसरूही नये. पण त्यासाठी आपल्याच माणसांचा वर्धा सोडून देण्याचे कारण नाही. धर्मानंद कोसंबी यांचेच घ्या. गोव्यातल्या साखवाळचा हा माणूस बुद्धाच्या शोधात घर सोडून निघाला, नेपाळ आणि श्रीलंकेपर्यंत गेला, भिक्खू झाला, पाली शिकला, हार्वर्डला जाऊन 'विसुद्धिमग्ग'च्या संपादनाचे काम केले आणि मराठीला 'भगवान बुद्ध' हा ग्रंथ दिला. ४ जून १९४७ रोजी त्यांनी अखेरचा श्वास घेतला तो सेवाग्रामला. मराठीतून बुद्ध वाचणाऱ्या प्रत्येक तरुणावर ज्यांचे ऋण आहे, त्यांच्या अखेरच्या मुक्कामाची जागा आपल्यापैकी किती जणांनी पाहिली आहे?

दुसरे भदंत आनंद कौसल्यायन. जातककथा हिंदीत आणणारे आणि बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचा हिंदी अनुवाद करणारे भदंतजी कितीतरी वर्षे वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समितीचे काम पाहत होते. वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात त्यांच्या नावाचे बौद्ध अध्ययन केंद्र आहे. तिसरे जपानी भिक्खू निचिदात्सु फुजी. ते १९३३ मध्ये वर्ध्याला आले होते. सेवाग्राम आश्रमाच्या प्रार्थनेची सुरुवात जपानी बौद्ध मंत्राने होते, तो त्यांच्याच परंपरेतला. पुढे त्यांच्या निप्पोनझान म्योहोजी संघाने वर्ध्यात विश्वशांती स्तूप उभारला.

कोसंबी, कौसल्यायन, फुजी गुरुजी. ही तीन नावे एका दिवसाच्या सहलीत बसतात. तळेगावहून आर्वीमार्गे वर्धा, तिथे मुक्काम, सकाळी स्तूप आणि सेवाग्राम, दुपारी नागपूर. नागपूरहून समृद्धीने येणाऱ्यालाही येळाकेळीला उतरून वर्धा गाठता येते. नवे काही बांधावे लागत नाही. हवा आहे तो एक चांगला नकाशा, चार फलक आणि गोष्ट नीट सांगणारी माणसे.

पैसा कोणाच्या हातात जाईल?

एक साधी आकडेमोड करून पाहू. समजा ५० जणांची एक बस मुक्कामाला थांबली. राहण्याचे माणशी २०० रुपये, जेवणाचे १२०, चहा-नाश्त्याचे ४०, म्हणजे १८,००० रुपये. मार्गदर्शकाचे १,५०० धरले तर १९,५००. वर्षाला अशा ४० बस आल्या तर ७ लाख ८० हजार. यातून खर्च वजा जाईल, कोणी श्रीमंत होणार नाही. पण बारा-पंधरा बायांचा एक बचत गट आणि दोन-तीन शिकलेली मुले यांच्यासाठी हे काम शेतमजुरीला चांगला जोड ठरू शकते.

यात सामाजिक बाजूही आहे. तालुक्याच्या गावात खोली मागायला गेले की आडनाव विचारले जाते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. आपल्या घरांनी पाहुण्यांसाठी खोल्या नोंदवल्या तर आपल्या प्रवाशाची सोय होईल आणि इतर समाजाचा प्रवासीही आपल्या ओसरीवर येऊन जेवेल. पर्यटन संचालनालयाकडे घरगुती 'निवास व न्याहारी' योजनेत नोंदणी होते. २०२३ मध्ये आलेल्या 'आई' या महिला पर्यटन धोरणात महिला व्यावसायिकांच्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा ठरावीक मर्यादेत मिळतो. या योजनांची माहिती शहरातल्या हॉटेलवाल्यापर्यंत लगेच पोहोचते, वस्तीतल्या बाईपर्यंत पोहोचवणे हे कार्यकर्त्याचे काम आहे. जयंतीची वर्गणी जमवणारी आपली मुले अर्ज भरून देण्यात कमी पडणार नाहीत.

तळेगावला काय करता येईल? सगळ्यात आधी फाट्याजवळ महिलांसाठी स्वच्छ, उजेड असलेले, रात्रीही उघडे असणारे स्वच्छतागृह. आपल्या किती माता-भगिनी प्रवासात पाणी पीत नाहीत, याचे कारण प्रत्येक घराला माहीत आहे. त्याशेजारी बचत गटाचे झुणका-भाकरीचे केंद्र आणि आपल्या प्रकाशनांची पुस्तके असलेली टपरी. पुस्तके दसऱ्याला नागपुरात आणि ६ डिसेंबरला दादरला खपतात, ती वर्षभर महामार्गावर का खपू नयेत? परतीच्या प्रवासाचाही विचार हवा. दीक्षाभूमीवर रात्रभर जागलेला चालक तळेगावजवळचा सत्याग्रही घाट डोळे ताणून उतरतो आणि त्या घाटातल्या अपघातांच्या बातम्या आपण वाचतो. परिसरातल्या विहारांनी त्या दोन रात्री सभागृह उघडून दिले, चालकाला चार तास पाठ टेकू दिली, तर त्यात कोणाचेही नुकसान नाही.

'धम्माचा बाजार मांडता काय?' असा आक्षेप येईल, आणि तो योग्यही आहे. म्हणून आमचे मत असे की अभिवादनाला, विहाराला, पाण्याला आणि दसऱ्याच्या दोन दिवसांच्या निवाऱ्याला कधीही पैसे लावू नयेत. दाम घ्यायचे ते खोलीचे, जेवणाचे, मार्गदर्शकाच्या श्रमाचे, आणि ते सुद्धा फलकावर लिहिलेल्या दराने. गर्दीच्या दिवशी दर वाढवणारा माणूस आपला असला तरी त्याला टोकावे.

गर्दी एकाच दिवशी न येता वर्षभर विभागून यावी, यासाठी आपल्या पंचांगातच सोय आहे. दर महिन्याला पौर्णिमा येते. वर्षावासात ग्रंथवाचन होते. शाळा-महाविद्यालयांच्या सहली हिवाळ्यात निघतात. सुरुवात एखाद्या तालुक्यातल्या तरुणांनी येत्या वर्षावासात एकाच बसने करावी. आर्वीमार्गे वर्धा, एक मुक्काम, मग चिचोली आणि दीक्षाभूमी. खर्च किती आला, काय गैरसोय झाली, मुक्कामाच्या गावात किती पैसे राहिले, हे वहीत लिहून ठेवावे. ती वही हातात असली की ग्रामपंचायतीकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे स्वच्छतागृह आणि फलक मागायला जाताना निवेदनासोबत हिशेबही देता येईल.