मातृत्वाचा अभ्यासक्रम

विद्यापीठांत तर्क, व्याकरण, रसायन शिकवितात. परंतु आईपणाचे गुण देणारा वर्गही असूं शकतो, हें वाचकभगिनींस खरें वाटेल काय? अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठानें गृहशास्त्राच्या विद्यार्थिनींसाठीं १९१९ मध्यें सरावाचें घर काढलें आणि १९२० मध्यें तेथें एक तान्हें मूल आणलें. त्याचें नांव डिकी डोमेकॉन. हें आडनांव कोणा कुळाचें नव्हे, गृहव्यवस्था या विषयाच्या इंग्रजी नांवाचा तो संक्षेप! पुढें अनाथालयांतून अशीं अनेक बाळें आलीं. विद्यार्थिनी तेथें एकत्र राहून स्वयंपाक, आतिथ्य आणि मातृत्व पाळीपाळीनें करीत. बाळाचें वजन, निद्रा, आहार सारें वहींत टिपलें जाई. वर्षभरानें मूल दत्तक जाई, आणि शास्त्रोक्त वाढलेलें म्हणून त्यास मागणीही असे.

आपल्या एकत्र कुटुंबांतही मूल आजी, काकू, आत्या यांच्या मांडीवरून फिरतें. पण रडूं आलें कीं कोणाकडे धांवावें, हें त्यास पक्कें ठाऊक असतें. तेथें पाळी संपली कीं आई बदले. मातृवियोगाचे बालमनावरील परिणाम जॉन बोल्बी यांनीं १९५१ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेसाठीं लिहून मांडले. तरी कॉर्नेलचा हा अभ्यासक्रम १९६९ पर्यंत चालूं होता.