भिजलेला बूट

पायांतले बूट सुस्थितीत असेपर्यंत त्यांच्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. ते चावू लागले, म्हणजे मात्र दुसरे काही सुचत नाही. सह्याद्रीच्या रानात हिंडणारा वनरक्षक किंवा हिमालयाच्या वाटा तुडवणारा गिर्यारोहक यांना बूट हा शोभेचा विषय नसतो. १९१४ च्या हिवाळ्यात फ्रान्स व बेल्जियममधील खंदकांत हजारो सैनिकांचे पाय सुजून बधिर झाले, ते काही शत्रूच्या गोळीने नव्हे. ओले बूट, ओले मोजे आणि थंडी एवढेच त्यास कारण होते.

चामडे म्हणजे जनावराच्या कातडीतील कोलॅजन नामक प्रथिनाच्या सूक्ष्म तंतूंचे गुंतागुंतीचे जाळे. कच्चे कातडे ओलाव्यात कुजते आणि वाळले, की लाकडासारखे ताठ होते. बाभळीची साल, हिरडा, तरवड यांतील तुरट द्रव्यांनी किंवा क्रोमियमच्या क्षारांनी ते कमावले, म्हणजे टिकाऊ होते. पुढे त्यात तेल व चरबी जिरवतात, कारण तंतू एकमेकांवर सहज सरकले, तरच चामडे मऊ राहते. बुटांची सारी निगा या स्निग्धतेभोवती फिरते. पाणी व चिखल ती हळूहळू हिरावून घेतात; ती संपली, की चामड्यास घड्यांवर भेगा पडू लागतात.

म्हणून बाहेरून आल्यावर पहिले काम चिखल काढण्याचे. वाळलेला चिखल चामड्यातील ओल शोषून घेतो आणि त्यातील वाळूचे कण शिवणीचे दोरे कापतात. मऊ कुंचला व थोडे साधे पाणी एवढे त्यास पुरते.

दुसरे काम वाळवण्याचे, आणि बहुतेक बुटांचा घात येथेच होतो. सकाळी कामावर जायचे असते, म्हणून भिजलेला बूट रात्री चुलीजवळ ठेवला जातो. वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले चामडे ओले असताना सुमारे ७० ते ८० अंश सेल्सिअसला आक्रसते, आणि ते पूर्ववत होत नाही. क्रोमने कमावलेले चामडे अधिक उष्णता सोसते. परंतु बुटाचा चिकटवलेला तळ ती सोसत नाही. यास्तव नाड्या सैल करून, आतील सुटी पट्टी काढून, बुटांत वर्तमानपत्राचे बोळे भरावेत. ते ओले झाले, की बदलावेत आणि बूट वाऱ्याच्या जागी सावलीत ठेवावेत. यास एक-दोन दिवस लागतात. ज्याचे काम रोज चिखलपाण्यात, त्याच्याजवळ बुटांचे दोन जोड असणे ही चैन नव्हे, काटकसरच होय.

तिसरे काम पोषणाचे. किंचित ओलसर चामड्यावर मधमाशांच्या मेणाचे मलम पातळ थराने चोळावे. शिवणीवर अधिक लक्ष द्यावे. घरातील खोबरेल तेल हाताशी असते खरे. पण ते सुमारे २४ अंशांखाली थिजते. फार तेल लावले, तर चामडे लुळे पडून घोट्यास आधार देत नाही. मखमलीसारख्या लवदार चामड्यास मेण लावू नये. त्यास कुंचलाच पुरेसा.

पावसाळ्यात बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडले, तर बुरशी येते. ती उघड्यावर नेऊन पुसावी आणि बूट हवेशीर जागी कापडी पिशवीत ठेवावेत. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पॉलियुरेथेनचा तळ हवेतील ओलाव्याने, न वापरताही, काही वर्षांत भुसभुशीत होतो. कपाटात जपून ठेवलेला बूट पहिल्याच चढणीवर तुकडे होऊन पडतो, त्याचे कारण हेच. दीर्घ प्रवासापूर्वी तळ वाकवून, दाबून पाहावा.

हे सारे काम आठवड्याकाठी अर्ध्या तासाचे. मुक्कामापासून दूर, भर पावसात, वाट अजून निम्मी उरलेली असताना त्या अर्ध्या तासाचे मोल कळते; आणि ज्याने तो आधीच दिलेला असतो, त्याला बुटांची आठवणही होत नाही.