आंतरराष्ट्रीय अभ्यासकेंद्रातील सार्वजनिक व्याख्यान : एक भाषिक विचार

१

विद्यापीठातील एखाद्या आंतरराष्ट्रीय अभ्यासकेंद्राच्या सूचनाफलकासमोर क्षणभर उभे राहिले, तर तेथे साधारणतः चार प्रकारच्या कार्यक्रमांच्या सूचना आढळतात : परदेशी विद्वानाचे व्याख्यान, नुकत्याच घडलेल्या एखाद्या घटनेवरील परिसंवाद, निवृत्त राजदूताचे अनुभवकथन, आणि एखाद्या देशाविषयीचे ग्रंथप्रदर्शन वा चित्रपट. या सूचनांखाली बहुधा एकच वाक्य असते : ‘सर्वांस प्रवेश खुला आहे.’ प्रस्तुत लेखाचा विषय हे वाक्य होय. दार सर्वांस उघडे असणे आणि व्याख्यान सर्वांस उघडे असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. त्यांच्यामधील अंतर मुख्यतः भाषेचे आहे, आणि ते कमी करणे हे केंद्राच्या शास्त्रीय कार्याचेच एक अंग आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२

विद्यापीठाने आपल्या भिंतींबाहेरील श्रोत्यांसाठी व्याख्याने योजावीत, ही कल्पना आंतरराष्ट्रीय अभ्यासाहून जुनी आहे. इंग्लंडात जेम्स स्टुअर्ट यांच्या प्रयत्नाने केंब्रिज विद्यापीठाने १८७३ मध्ये अशा बहिःशाल व्याख्यानांस रीतसर प्रारंभ केला. परदेशांच्या अभ्यासासाठी स्वतंत्र केंद्रे स्थापण्याची प्रवृत्ती मात्र विशेषेकरून दुसऱ्या महायुद्धानंतर बळावली. अमेरिकेत १९५७ च्या ऑक्टोबरात रशियाच्या पहिल्या कृत्रिम उपग्रहाने जी खळबळ उडविली, तिची परिणती पुढील वर्षी, २ सप्टेंबर १९५८ रोजी, राष्ट्रीय संरक्षण शिक्षण अधिनियमात झाली. या अधिनियमाच्या सहाव्या प्रकरणाचे शीर्षकच ‘भाषाविकास’ असे होते. ज्या भाषांच्या अध्यापनाची पुरेशी सोय त्या देशात नव्हती, त्या भाषा आणि त्या ज्या प्रदेशांत बोलल्या जातात तेथील इतिहास, अर्थकारण व समाज यांचे शिक्षण देणाऱ्या केंद्रांस त्यातून साहाय्य मिळू लागले. १९७० नंतरच्या दशकात या केंद्रांवर आणखी एक जबाबदारी आली : आपले ज्ञान शाळांपर्यंत व सामान्य नागरिकांपर्यंत पोहोचविण्याची. येथे क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. प्रथम भाषा, नंतर संशोधन, आणि त्यानंतर सार्वजनिक व्याख्यान.

आपल्या देशातील घटनाक्रम निराळा आहे. येथे व्यासपीठ प्रथम आले, विद्यापीठ नंतर. भारतीय विश्वव्यवहार परिषदेची स्थापना १९४३ मध्ये झाली. तिने १९४७ च्या मार्च-एप्रिलमध्ये दिल्लीस आशियाई संबंध परिषद भरविली. १९५५ मध्ये परिषदेची सप्रू हाउस ही वास्तू उभी राहिली आणि त्याच वर्षी परिषदेच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय अभ्यासाची भारतीय संस्था सुरू झाली. तिचे पहिले संचालक आ. अप्पादुराई हे होत. आरंभी दिल्ली विद्यापीठाशी संलग्न असलेल्या या संस्थेस १९६१ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि १९७० मध्ये ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. सप्रू हाउसमधील सभागृह व ग्रंथालय यांनी या विषयास आपल्याकडे प्रतिष्ठा मिळवून दिली, हे निर्विवाद आहे. तथापि तेथील बौद्धिक व्यवहाराची भाषा प्रायः इंग्रजी राहिली. परिषदेचे १९४५ पासूनचे नियतकालिक इंग्रजीत, आणि संस्थेने १९५९ मध्ये सुरू केलेले नियतकालिकही इंग्रजीतच.

या स्थितीची जाणीव पहिल्याच मोठ्या प्रसंगी प्रकट झाली होती. २ एप्रिल १९४७ रोजी आशियाई संबंध परिषदेच्या समारोपात गांधीजी बोलावयास उभे राहिले, तेव्हा आरंभीच त्यांनी भाषेचा विषय काढला. परक्या भाषेत बोलावे लागत असल्याबद्दल आपण क्षमा मागत नाही. आपली मातृभाषा या श्रोत्यांस कळणार नाही, हिंदुस्थानीस आंतरराष्ट्रीय भाषा होण्यास दीर्घ काळ लागेल, आणि राष्ट्राराष्ट्रांतील व्यवहारात इंग्रजीस अग्रस्थान आहे, अशा आशयाचे ते बोलले. निरनिराळ्या देशांच्या प्रतिनिधींसमोर हा निर्णय यथायोग्यच होता. प्रश्न असा की, जेथे श्रोते एकभाषिक आहेत आणि वक्ताही पुष्कळदा त्यांच्याच भाषेचा आहे, तेथे तो निर्णय विचारावाचून चालू राहावा काय?

३

या प्रश्नाचे महत्त्व कळण्यासाठी सार्वजनिक व्याख्यान नेमके कोणते कार्य करते, हे पाहिले पाहिजे. ज्वारीचा भाव वाढला की नाही, हे नागरिकास बाजारात कळते; शाळेत शिक्षक येतो की नाही, हे मुलास विचारून कळते. परंतु परराष्ट्रव्यवहार हे असे क्षेत्र आहे की, त्यात नागरिकास स्वतःचा अनुभव जवळजवळ नसतो. तो सर्वस्वी सांगणाऱ्यावर अवलंबून असतो. म्हणूनच या विषयात सांगणाऱ्याची सत्ता मोठी असते, आणि व्याख्यानानंतरची प्रश्नोत्तरे हाच त्या सत्तेवरील श्रोत्याच्या हातचा अंकुश असतो. छापील निबंधास वाचक प्रश्न विचारू शकत नाही. वक्त्यास विचारू शकतो. शिवाय तज्ज्ञ ज्या गोष्टी गृहीत धरतात, त्यांवर नेमके बोट ठेवण्याचे काम पुष्कळदा अतज्ज्ञ श्रोताच करतो.

काही वर्षांपूर्वी अशाच एका केंद्रात प्रस्तुत लेखक श्रोता म्हणून उपस्थित होता. व्याख्यान भारताच्या परराष्ट्रनीतीवर व इंग्रजीत होते. अखेरीस एक वयोवृद्ध गृहस्थ उठले व त्यांनी मराठीत विचारले, “जो अलिप्त आहे, तो दुसऱ्याच्या भांडणात मध्यस्थी करायला कसा जातो? आणि गेला, तर मग तो अलिप्त कसा?” अध्यक्षांनी वक्त्यासाठी या प्रश्नाचे इंग्रजी केले. त्याचा अर्थ एवढाच उरला की, भारत तटस्थ का राहिला, असे हे विचारीत आहेत. वक्त्याने दोन गटांच्या शीतयुद्धाची पार्श्वभूमी पुन्हा एकवार विशद केली. ते गृहस्थ “बरं” एवढेच म्हणून खाली बसले. सभागृहातील आम्हा बहुतेकांस दोन्ही भाषा येत होत्या. तरीही प्रश्न हरवला आहे, हे कोणी उठून सांगितले नाही. प्रस्तुत लेखकही गप्पच राहिला, आणि याची खंत त्यास अद्याप आहे.

४

तो प्रश्न खरोखर काय होता? भारताने १९५३ मध्ये कोरियातील युद्धकैद्यांविषयीच्या आयोगाचे, आणि १९५४ नंतर व्हिएतनाम, लाओस व कंबोडिया येथील तिन्ही नियंत्रण आयोगांचे अध्यक्षपद स्वीकारले होते. हे वर्तन ‘अलिप्त’ या शब्दात बसत नाही, असे त्या गृहस्थांस जाणवले होते. त्यांची शंका धोरणाविषयी जितकी होती, तितकीच शब्दाविषयी होती. आणि ती रास्त होती.

‘नॉन-अलाइनमेंट’ या इंग्रजी शब्दामागे रांगेची प्रतिमा आहे : जो कोणाच्या रांगेत उभा नाही तो. हिंदीने ‘गुटनिरपेक्षता’ हा शब्द स्वीकारला. त्यात गटाचा स्पष्ट निर्देश आहे. निरपेक्षता आहे ती गटांपुरती, जगापुरती नव्हे. मराठीत ‘अलिप्तता’ रूढ झाली. या शब्दाच्या मुळाशी ‘लिप्’ हा धातू आहे; त्याचा अर्थ माखणे, लेप लागणे. पाण्यात असूनही ज्यास पाणी चिकटत नाही असे कमलपत्र, ही त्यामागची आपल्या परंपरेतील परिचित प्रतिमा. मराठी मनुष्य ‘अलिप्त’ हा शब्द विरक्ताविषयी वापरतो, किंवा घरच्या तंट्यात लक्ष न घालणाऱ्या नातलगाविषयी. ‘तटस्थ’ हा तिसरा शब्द. जो प्रवाहात न उतरता तीरावर उभा आहे तो. अशा रीतीने रांग, लेप आणि तीर या तीन प्रतिमा एकाच धोरणाविषयी तीन भिन्न अपेक्षा निर्माण करतात.

पंडित नेहरूंनी तर १९४९ मध्येच अमेरिकन काँग्रेसपुढे स्पष्ट केले होते की, जेथे स्वातंत्र्य वा न्याय धोक्यात येतो, अथवा आक्रमण घडते, तेथे भारत तटस्थ राहणार नाही. १९६१ च्या सप्टेंबरात बेलग्रेड येथे पंचवीस राष्ट्रे एकत्र आली, ती काही जगाविषयी विरक्त म्हणून नव्हे. म्हणजे ‘अलिप्तता’ हा शब्द ऐकणाऱ्या मराठी श्रोत्यास, या धोरणाचा कर्तेपणा दडविणारी प्रतिमाच प्रथम भेटते. शब्द बदलावा, असे येथे सुचवावयाचे नाही. रूढ झालेला शब्द अभ्यासकाच्या इच्छेने बदलत नसतो. मात्र व्याख्यात्याने त्याची मर्यादा सांगितली पाहिजे, आणि ती सांगावयाची तर तो शब्द ज्या भाषेत नांदतो, त्या भाषेत विषयाचा विचार केला पाहिजे.

दुसरे उदाहरण याहून मूलभूत आहे. या शास्त्राचा घटक म्हणजे सार्वभौम ‘स्टेट’. राज्यशास्त्रात त्यास ‘राज्य’ म्हणतात. परंतु आपल्या संविधानाच्या परिभाषेत संघराज्याचा घटकही ‘राज्य’च. त्यामुळे ‘राज्यांचे परस्परसंबंध’ असे म्हणताच श्रोत्याच्या डोळ्यांसमोर महाराष्ट्र व कर्नाटक उभे राहतात, भारत व ब्रह्मदेश नव्हे. हा घोटाळा टाळण्यासाठी आपण ‘राष्ट्र’ हा शब्द योजतो. परंतु ‘राष्ट्र’ म्हणजे केवळ शासनसंस्था नव्हे. त्या शब्दास लोक, भूमी व भावना यांचे वलय आहे. ‘अमुक राज्याने करार मोडला’ हे वाक्य शासनाविषयीचे आहे. ‘अमुक राष्ट्राने करार मोडला’ हे वाक्य ऐकणाऱ्यास एका संपूर्ण जनसमूहाविषयीचे वाटते. शासनाच्या कृत्याचा दोष अशा प्रकारे नकळत लोकांच्या माथी जातो. परराष्ट्रांविषयी बोलताना हा केवळ शब्दच्छल नव्हे.

५

मराठीत असे विषय ऐकावयास श्रोते मिळत नाहीत, असा आक्षेप कधी कधी घेतला जातो. इतिहास त्यास दुजोरा देत नाही. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ मध्ये सुरू झाली. नाना विषयांवरील व्याख्याने ऐकण्याची सवय तिने मराठी नागरिकास लावली. त्याच नगरात गोखले अर्थशास्त्र संस्थेत काळे स्मारक व्याख्याने होत आली. डॉ. आंबेडकरांनी संघराज्य आणि स्वातंत्र्य या विषयावर २९ जानेवारी १९३९ रोजी दिलेले विख्यात इंग्रजी व्याख्यान याच मालेतील होय. या दोन परंपरा एकाच शहरात नांदल्या. एकीजवळ श्रोते होते, दुसरीजवळ शास्त्र. आंतरराष्ट्रीय अभ्यासकेंद्राने त्यांचा संगम साधावा, एवढीच अपेक्षा आहे.

त्यासाठी इंग्रजी व्याख्याने बंद करावयास नकोत. परदेशी वक्त्यास दुसरा मार्गही नसतो. काही साध्या गोष्टी मात्र आपल्या हाती आहेत. प्रत्येक व्याख्यानाचा एक पानी मराठी गोषवारा श्रोत्यांस आधी द्यावा, आणि त्यात आलेल्या पाच-सहा पारिभाषिक शब्दांवर टीप असावी. भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश प्रतिशब्द पुरवितात. त्या प्रतिशब्दाची व्याप्ती सांगणे हे तज्ज्ञाचे काम आहे. मराठीत विचारलेल्या प्रश्नाचे भाषांतर सभेच्या घाईत अध्यक्षांवर न सोपविता, विषय व दोन्ही भाषा जाणणाऱ्या एका विद्यार्थ्याकडे ते आधीच द्यावे, आणि भाषांतर प्रश्नकर्त्यास मान्य आहे काय, हे त्यालाच विचारावे. विचारलेले प्रश्न त्यांच्या मूळ शब्दांत टिपून ठेवावेत. दहा वर्षांत अशा टिपणांतून जो संग्रह सिद्ध होईल, तो राज्यशास्त्राच्या व भाषाशास्त्राच्या अभ्यासकांस सारखाच उपयोगी पडेल. आपला समाज जगाविषयी काय विचारू इच्छितो, आणि कोणत्या शब्दांत, याची ती प्रत्यक्ष साधनसामग्री असेल.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस अखेरीस एक सूचना करावीशी वाटते. आपल्या प्रबंधाच्या विषयावर, त्या विषयाशी संबंध नसलेल्या श्रोत्यांपुढे, एकदा तरी वीस मिनिटे मराठीत बोलून पाहावे. कोठे अडखळावयास होते ते टिपून ठेवावे. अडखळण्याचे काही प्रसंग मराठीत शब्द नसल्यामुळे येतील. ते भाषेच्या अभ्यासकांकडे आणावेत. परंतु काही प्रसंगी इंग्रजी शब्दही आपणांस पुरता समजला नव्हता, असे आढळून येईल. त्या वयोवृद्ध गृहस्थांच्या प्रश्नापुढे त्या दिवशी आम्हा सर्वांचे तसेच झाले होते.